एकतिसावा सापळा

येफिमचा पाय नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मोडला. सरपणासाठी लार्चचं झाड पाडत होता. झाड हवं तिथेच पडलं, पण बुंधा मागे उसळला आणि त्याच्या नडगीवर आदळला. हेलिकॉप्टर यायला दोन दिवस लागले. त्याला आत चढवताना दवाखान्याचा माणूस मला म्हणाला, "बाई, तुम्हीही चला."

"आणि सापळे?" मी म्हटलं.

येफिम आडवा होता तो उठून बसला. "सापळ्यांचं काय? तू बघणारेस?"

"मग कोण बघणार?"

पंख्याच्या घरघरीत तो काय बोलला ते कळलं नाही. दार लागता लागता एवढंच ऐकू आलं, "खोपीत आणू नकोस! सापळे खोपीत नाही आणायचे!"

जसं काही मला ते माहीतच नव्हतं. अकरा हिवाळे मी त्याच्याबरोबर रानात काढले होते. स्वयंपाक माझा, सरपण फोडणं माझं, कातडी सोलणं माझं. सापळा मांडायला मात्र त्याने मला कधी हात लावू दिला नव्हता. बायकांच्या हाताला चरबीचा वास असतो म्हणे. तो वास त्याच्याच जेवणाचा असतो, हे मी कधी बोलले नाही. उगाच भांडण झालं असतं.

एकूण ब्याण्णव सापळे. मोठ्या खोपीपासून निघायचं, टेकडी ओलांडून इर्काच्या नाल्यात उतरायचं, नाल्याने वर जायचं, वाटेत तीन लहान खोप्यांत मुक्काम करायचा आणि चौथ्या दिवशी परत यायचं. पाचवा दिवस कातड्यांचा. सहाव्या दिवशी पुन्हा पहिल्या सापळ्यापासून सुरुवात. प्रत्येक सापळ्याशेजारच्या झाडावर येफिमने कुऱ्हाडीने आकडा कोरलेला होता.

सगळी मेहनत सेबलसाठी. सेबल मांजराहून लहान, लांबुळका, काळसर मऊ केसांचा. त्याची एक खोड आहे. ज्या वाटेने गेला त्याच वाटेने, आपल्याच ठशांवर पाय ठेवत परत येतो. म्हणून सापळा ठशाच्या खाली मांडायचा. वाटेच्या कडेला गुडघे टेकायचे, लाकडी उलथन्याने बाजूने बर्फ कोरायचा आणि ठशाखालच्या पोकळीत सापळा अलगद सरकवायचा. वरचा ठसा जसाच्या तसा राहिला पाहिजे. सापळ्यावरचं बर्फाचं छप्पर जाड राहिलं तर सेबल वरून चालत जातो, पातळ झालं तर कोसळतं. त्यात थंडी असली की हात मोजा काढून वीस आकडे मोजेपर्यंतच चालतो.

पण मांडणं ही निम्मीच गोष्ट. खरी गोष्ट म्हणजे सापळा चालू ठेवणं. ऊब लागलेला सापळा बाहेर नेला की त्याला घाम येतो, आणि तो घाम गोठला की स्प्रिंग दगड होते. म्हणून सापळे बाहेर, उंच मचाणावर. सापळ्याचे मोजेही बाहेर. आपले हात तेवढे आत. सापळ्याखाली आणि वर ताजा भुसभुशीत बर्फ घालायचा नाही, तो रात्रीतून घट्ट होतो. हातभर खाली खणून तळातला रवाळ बर्फ काढायचा. तो कोरड्या साखरेसारखा सुटा राहतो, कधी चिकटत नाही. पाय पडला की सापळा मिटवते त्या तबकडीखाली लार्चच्या सुया, म्हणजे त्याची वाळलेली बारीक पानं, पसरायच्या. नोव्हेंबरअखेर एखाददुसरा ऊबदार दिवस येतो, त्यानंतर मात्र एकही सापळा न सोडता सगळे उचलून झटकायचे.

हे सगळं मी केलं. पहिल्या दोन फेऱ्यांत बोटं सुजली, पण डिसेंबरच्या मध्यापर्यंत अकरा सेबल मचाणावर टांगले होते. येफिमला ते रेडिओवर सांगितलं.

दुपारी बारा वाजता रानातले सगळे शिकारी रेडिओवर येतात. एकाला सांगितलेलं सगळ्यांना ऐकू जातं. गावातल्या कचेरीत एक संच आहे. येफिम काठ्या टेकत रोज तिथे जाऊन बसायचा.

"अकरा?" तो म्हणाला. "माझे आत्तापर्यंत अठरा झाले असते."

"झाले असते, पण तुझा पाय झाला," पलीकडच्या खोऱ्यातला पार्फेन मध्येच म्हणाला. पाच-सहा ठिकाणांहून हसणं आलं.

अडचण एकाच सापळ्याची होती. एकतिसाव्याची.

इर्काच्या काठी एक जुनं प्रचंड लार्च मुळांसकट उलथून पडलेलं होतं. मुळांची भिंत माझ्याहून उंच, आणि तिच्या खाली एक कपार. कपारीच्या तोंडाशी सापळा आणि त्याच्यावर सेबलला भुलवायला रानकोंबड्याचा पंख टांगलेला. वरून बर्फ पडत नाही, वारा लागत नाही. ब्याण्णवांत इतकी सोयीची जागा दुसरी नव्हती. येफिमने आधीच्या दोन हिवाळ्यांत तिथे सात सेबल धरले होते.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा सेबल सापळ्यावरून चालत गेला होता. ठसा बरोबर तबकडीच्या मधोमध. मी काडीने तबकडी दाबली, तर हलेना. जोर दिला, काडी मोडली. सापळा उचलायला गेले तर तो जमिनीला चिकटलेला. काढून पाहिला तेव्हा स्प्रिंगवर, जबड्यांवर, साखळीवर बर्फाची पिसं उगवलेली होती. बोटाएवढी लांब, नाजूक पिसं. खाली काचेसारखा कडक थर.

वाटलं, माझ्याच मोज्याला ओल असेल. दुसरा सापळा मांडला. पुढच्या फेरीला तोही तसाच. सुया दुप्पट घातल्या, काही उपयोग नाही. तबकडीखाली मेण लावलेला कागद घातला, तर कागदासकट गोठला. सापळा लार्चच्या सालीच्या काढ्यात पुन्हा उकळून वाळवला, दोन दिवस थंडीत टांगून ठेवला, मग नेला. पिसं आणखी लांब. आणि गंमत म्हणजे तिसावा सापळा तिथून शंभर पावलांवर, बत्तिसावा दीडशे पावलांवर. दोन्ही खडखडीत कोरडे.

"हलव तिथून," येफिम रेडिओवर म्हणाला. "चाळीस पावलं पुढे मांड आणि विषय संपव."

"पण गोठतो का?"

"ओल असेल."

"उणे पंचेचाळीसला ओल कुठून येणार? नाला तळापर्यंत गोठलाय. मी कुऱ्हाडीने फोडून पाहिला."

"नाला कशाला फोडलास?"

"बघायला."

"ग्रुन्या," येफिम अगदी हळू, मुलाला समजावावं तसं म्हणाला, "'का'ला कातडं नसतं. सेबलला असतं."

पार्फेनला एवढं पुरे होतं. त्या दिवसापासून तो रोज विचारायचा, "ग्रुन्या, एकतिसाव्याची तब्येत कशी आहे? ताप उतरला का?"

सापळा मी हलवला नाही. हट्ट म्हणा. रात्री चुलीपाशी कातडं ताणताना मनात तेच घोळायचं. ओल आहे म्हणजे ती कुठून तरी येते. मग ती कुठून येते ते ओलीलाच विचारावं. दहाव्या फेरीला मी भूर्जाच्या सालीच्या बारा पट्ट्या कापून नेल्या. सापळ्याभोवती, मुळांमध्ये, मुळांमागे, खोडावर, बर्फावर अशा अंतराअंतराने खोचल्या. प्रत्येक पट्टीवर कोळशाने खूण केली.

त्याच आठवड्यात तिखोन हुकोचार आले. त्यांची शिकारीची हद्द आमच्या हद्दीला लागून. वय चौऱ्याहत्तर, एका कानाने ठार बहिरे, दुसऱ्याने हवं तेवढं ऐकणारे. अर्ध्या दिवसाची वाट स्कीवरून तुडवून आले, दारात पापण्यांवरचा बर्फ पुसला आणि म्हणाले, "कुठे आहे तो आजारी?"

"बसा तर आधी, अमाका. चहा घ्या."

आम्ही एवेंकी लोक आजोबांना अमाका म्हणतो. अस्वलालाही अमाकाच म्हणतो. रानात त्याचं खरं नाव कुणी घेत नाही. त्याला ऐकू जातं.

तिखोन तीन कप चहा प्यायले, एल्क हरणाच्या मांसाबरोबर अर्धी भाकर खाल्ली आणि मी केलेले सगळे उपाय एकेक करून विचारले. मी पट्ट्यांचं सांगितलं तेव्हा चघळता चघळता थांबले.

"म्हणजे तू बर्फाला परीक्षेला बसवलंस?"

"हसा तुम्हीही."

"हसत नाहीये." ते खरंच हसत नव्हते. "साठ वर्षं सापळे मांडतोय. गोठला की हलवला. का गोठला, हे कधी विचारलंच नाही. वेळ कुणाला होता?" मग कप उपडा घालून म्हणाले, "उद्या मी येतो. पट्ट्या बघायच्यात मला."

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. कुत्री गावीच होती. जानेवारीत बर्फ छातीपर्यंत असतो, कुत्रं त्यात पोहत बसतं. टेकडी उतरून नाल्यात आलो तेव्हा सूर्य झाडांच्या शेंड्यांवर नुकताच टेकला होता. तिखोननी खांद्यावरची बंदूक झाडाला टेकवली आणि चष्मा काढून बगलेत ऊब दिली.

आम्ही पट्ट्या क्रमाने पाहिल्या. नाल्याकडच्या चार पट्ट्या स्वच्छ. खोडावरच्या दोन स्वच्छ. सापळ्याजवळच्या तिन्हींवर पिसं. मुळांच्या आत खोचलेल्या तीन पट्ट्या तर ओळखूच येईनात. पांढऱ्या कोंबड्याच्या शेपटासारख्या फुलल्या होत्या. आणि सगळी पिसं एकाच बाजूला झुकलेली, जणू आतून कुणीतरी त्यांच्यावर हळूच फुंकर घालतंय.

"झरा असेल," मी म्हटलं. "गरम पाण्याचा. मुळांखाली."

तिखोननी एक पीस मोडून हातात घेतलं, उजेडात धरलं, मग नाकाशी नेलं. ते पांढरंशुभ्र नव्हतं. बुडाशी किंचित पिवळसर होतं.

मी तोवर पोटावर पडून मुळांमध्ये डोकं घातलं होतं. बाराव्या पट्टीच्याही मागे, दोन मुळांच्या बेचक्यात, मुठीएवढं भोक होतं. त्याच्या कडा बर्फाने गुळगुळीत झालेल्या. मी मोजा काढला आणि तळहात भोकावर धरला.

ऊब आली.

झऱ्याची वाफ असावी तशी ओली, मऊ ऊब. मला इतका आनंद झाला की मी हाक मारणारच होते. तेवढ्यात ती थांबली. हात गारठायला लागला. मी सवयीने मोजत होते. वीस झाले, पंचवीस झाले. पुन्हा ऊब आली. पुन्हा थांबली.

झरा थांबून थांबून वाहत नाही.

माझ्या कोपराला मागून कुणीतरी धरलं. तिखोन माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी एक बोट ओठांवर ठेवलं आणि दुसरं खाली दाखवलं. मग ओठांनीच, आवाज न करता म्हणाले, "अमाका."

मी घाबरले तर होतेच, पण लाजलेही. नोव्हेंबरपासून दर पाच दिवसांनी मी त्याच्या छपरावर येऊन बसत होते. कुऱ्हाडीच्या दांड्याने बर्फ फोडत होते, साखळी खडखडवत होते आणि येफिमकडून शिकलेल्या झाडून सगळ्या शिव्या मोठ्याने देत होते. ते सगळं ऐकत कुणीतरी खाली निजलेलं होतं.

मागे सरकायचं तर वाटेत सापळा. सापळा तसाच सोडून जाता येत नव्हतं. एखादा सेबल अडकला असता तर त्याने दिवसभर साखळी आपटली असती, भोकापासून हातभर अंतरावर. उचलायचा तर तो गोठलेला, पण ताणलेला. मी उलथन्याचं टोक खाली घालून एकेक बोटभर जागा सुटी करत गेले. तिखोननी साखळी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. सापळा सुटला, मी तो उचलला, आणि हाताची ऊब लागली म्हणून की काय, आत्तापर्यंत न हललेली ती स्प्रिंग नेमकी त्याच क्षणी करकरली.

मी दुसऱ्या हातातला मोजा जबड्यांमध्ये कोंबला. धप्प झालं. लोखंडाचा खणखणाट नाही, नुसतं धप्प, पण त्या शांततेत मला ते झाड पडल्यासारखं वाटलं.

आम्ही दोघं दगडासारखे. भोकातून काही येईना. पंचवीस झाले, तीस झाले. तिखोनची नजर झाडाला टेकवलेल्या बंदुकीकडे गेली. ती सात-आठ पावलांवर होती. चाळीस. मग भोकातून एक लांब श्वास आला, आणि त्याच्या पाठोपाठ मला दुसरंच काहीतरी ऐकू आलं.

बारीक घुं घुं. लांबून मोटार चालावी तसं, पण कापूस लपेटलेलं. मध्येच थांबायचं, आवाज चढायचा, पुन्हा एकसारखं चालू. मी तिखोनकडे पाहिलं. त्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं. मी हळूच हाताने खूण केली, लहान. पाळणा हलवल्यासारखी खूण केली.

आम्ही मागे मागे सरकत बत्तिसाव्या सापळ्यापर्यंत गेलो, तेव्हा कुठे ते बोलले.

"नक्की?"

"नक्की. दूध पिणाऱ्या पिल्लासारखं."

"कसं वाजत होतं?"

"घुं घुं."

"तसं नाही. नीट करून दाखव. इकडे, या कानात."

मी त्यांच्या चांगल्या कानाशी तोंड नेलं आणि घशातून तो आवाज काढला. पहिल्यांदा जमला नाही, दुसऱ्यांदा बराच जवळ गेला. तिखोन डोळे मिटून उभे होते. झाडावरचा बर्फ त्यांच्या टोपीवर सांडला तरी हलले नाहीत.

"सोळा गुहा उघडल्या मी आयुष्यात," ते म्हणाले. "प्रत्येक वेळी बंदूक घेऊन, पाच-सहा जण, आरडाओरडा. नुसतं बसून कधी ऐकलं नाही. आणि आता ऐकायला गेलो तर कान नाही." जराशाने म्हणाले, "किती असतील?"

"एकाहून जास्त. आवाज एकमेकांत मिसळत होते."

"दोन."

"मला तीन वाटतात."

"दोनच असतात, ग्रुन्या. तीन क्वचित." मग एकदम गंभीर झाले. "गुहा तुला सापडली. ज्याला सापडली त्याचा शब्द. तू म्हणालीस तर रेडिओवर सांग, परवापर्यंत चार बंदुका येतील. मांस सगळ्यांना पुरेल."

मी खोटं बोलणार नाही. मांसाचा विचार माझ्या मनात आला. येफिमचाही आला, तो गावभर सांगत फिरला असता की माझ्या बायकोला गुहा सापडली. पण तळहातावर अजून ती ऊब होती.

"तुम्ही काय केलं असतं?"

"माझे वडील पिल्लं असलेल्या गुहेकडे पाठ करून चालत सुटायचे आणि तीन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. मी काही तेवढा चांगला नव्हतो." त्यांनी बंदूक खांद्याला लावली. "आता म्हातारा झालो, चांगलं होणं सोपं झालंय."

"मग नको सांगायला."

"नको," ते म्हणाले, आणि इतक्या पटकन म्हणाले की तेही त्याच शब्दाची वाट बघत होते हे मला कळलं.

सापळा आम्ही चाळीस पावलं पुढे, नाल्याच्या वळणावर मांडला. तळातला रवाळ बर्फ तिखोननी खणून दिला. माझं ठशाखालचं काम बघताना ते एकदाच बोलले, "येफिम छप्पर याहून जाड ठेवतो. चुकतो तो."

वाटेतल्या लहान खोपीत पोचलो तेव्हा बाराला पाच मिनिटं कमी होती. तिथे लहान रेडिओ असतो. मी संच लावला. तिखोन चुलीपाशी बूट सोडत बसले.

पहिला आवाज पार्फेनचाच. "काय ग्रुन्या, म्हातारा वैद्य आला होता म्हणे! आजार सापडला का?"

मग येफिम. "हां, सांग. का गोठत होता?"

मी तिखोनकडे पाहिलं. सगळं रान ऐकत होतं. खोटं बोललं तरी पकडली जाणार. येफिमला माझा खोटा आवाज ओळखू येतो.

"अमाकाच्या श्वासाने," मी म्हटलं.

त्यावर जो हशा उसळला! पार्फेन तर खोकायलाच लागला. "तरी मी म्हणतोय! तिखोनअमाका, काय पिता हो तुम्ही? एका फुंकरीत सापळा गोठतो?" दुसरा कुणीतरी म्हणाला, "अहो, त्यांना आमच्या नाल्यावर पाठवा, पूल बांधायचाय!" तिखोन बूट हातात धरून आवाज न करता इतके हसत होते की डोळ्यांतून पाणी आलं.

येफिम मात्र हसला नाही. त्याच्या बाजूने नुसती खरखर येत होती. तिखोन आमच्याकडे कालच आले आणि एकतिसावा तर नोव्हेंबरपासून गोठतोय, एवढा हिशेब त्याला नक्कीच येत होता.

"ग्रुन्या," तो शेवटी म्हणाला. आवाज बदलला होता. "अमाका... निजलेत का?"

"निजलेत. गाढ."

"एकटेच?"

"नाही."

पुन्हा खरखर. पार्फेन ओरडला, "म्हणजे? म्हाताऱ्याबरोबर कोण आहे?"

"तू गप रे," येफिम त्याच्यावर खेकसला. मग मला म्हणाला, "हळू चाल तिथे. पांघरूण काढू नकोस त्यांचं. आणि सापळा?"

"चाळीस पावलं पुढे मांडला. तू म्हणाला होतास तसा."

"बरं केलंस," तो म्हणाला. अकरा वर्षांत सापळ्यांच्या बाबतीत त्याच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं.

पुढच्या फेरीला एकतिसाव्यात सेबल होता. हंगाम संपेपर्यंत तिथे आणखी दोन मिळाले. तबकडी प्रत्येक वेळी कोरडी, काडीचं टोक लागलं तरी सुटेल अशी. उलथलेल्या लार्चच्या बाजूने मी जात नव्हते. नाल्याच्या पलीकडच्या काठाने वळसा घालायची, स्कीचा आवाज होऊ नये म्हणून पाय अलगद सरकवत. फक्त थांबून एकदा बघायची. मुळांवर पांढरी पिसं असायची, आणि ती असली की मी पुढे निघायची.

फेब्रुवारीच्या शेवटी सगळे सापळे उचलले, तेल लावून मचाणावर टांगले आणि गावी आले. येफिमचं प्लॅस्टर निघालं होतं. पाय मात्र गुडघ्यात पूर्ण वाकत नव्हता.

एप्रिलच्या मध्यावर मी म्हटलं, "मला खोपीवर जाऊन यायला हवं. कुऱ्हाड राहिली तिथे."

"कुऱ्हाड ती काय भिंतीला टेकलीय."

"दुसरी."

"आपल्याकडे दुसरी नाही." येफिम रेनडिअरच्या गाडीचे पट्टे आधीच दुरुस्त करत होता. "चल. तिखोनना वाटेत घेऊ. ते दोन दिवस सामान बांधून बसलेत."

उन्हाने वितळून पुन्हा गोठलेला बर्फ इतका कडक झाला होता की गाडी वरूनच सरकत होती. इर्काच्या काठी गाडी बांधली आणि वाऱ्याची दिशा बघून लांबूनच दुर्बीण लावली. मुळांच्या पलीकडच्या बाजूला, जिकडे मी कधी गेलेच नव्हते, बर्फात मोठं काळं भगदाड पडलं होतं. मातीचे, मॉसचे ढिगारे बाहेर आले होते. आत कुणी नव्हतं. माग टेकडीकडे चढत गेलेला.

मोठा ठसा माझ्या स्कीच्या दोन रुंदीएवढा. त्याच्या मागे आणि आजूबाजूला लहान ठशांचा नुसता गोंधळ. कुठे घसरल्याच्या रेघा, कुठे एकमेकांवर लोळल्याचा खड्डा.

"दोन," तिखोन लगेच म्हणाले.

"तीन," मी म्हटलं.

"हे बघ, हा एक. हा दुसरा. झाले."

"आणि हा?"

"हा पहिल्याचाच. परत आलेला."

"परत कशाला येईल? आई तर वर गेलीय."

आम्ही दोघं वाद घालत असताना येफिमने आपला न वाकणारा पाय बाजूला लांब पसरला, हातांवर भार टाकून कसाबसा बर्फावर आडवा झाला आणि गाल जमिनीला लावून ठशांकडे कडेने बघायला लागला. तिरप्या उन्हात प्रत्येक ठशाची सावली वेगळी दिसत होती. त्याने खिशातून काडेपेटी काढली. एक काडी एका ठशाच्या रुंदीएवढी मोडली. दुसरी दुसऱ्याच्या. मग सरपटत पुढे गेला.

"काय करतोयस?" मी विचारलं.

"उजेडात येऊ नकोस," तो म्हणाला. "सावली पडते."

तिखोन आणि मी बाजूला होऊन उभे राहिलो. येफिम मोडक्या काड्या ठशांना लावत, पुटपुटत टेकडीच्या दिशेने सरकत राहिला. पंधरा-वीस पावलांवर एका उतारावर तो थांबला. तिथे पिल्लांच्या तीन घसरगुंड्या होत्या, शेजारी शेजारी, एक रुंद, एक मध्यम आणि एक अगदी अरुंद.

"या इकडे," त्याने हाक मारली. "दोघंही या. पण डाव्या बाजूने या."